कडक रंगावरचे बारीक चरे

काळ्या गाडीच्या बोनेटवर ऊन पडले की उन्हाच्या ठिपक्याभोवती बारीक गोल रेघांचे जाळे चमकू लागते. गाड्यांच्या धंद्यात या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात. रेघा गोल दिसतात, म्हणजे कोणीतरी गोल गोल फडके फिरवले असणार, असा समज सर्रास असतो आणि तो चुकीचा आहे. चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात, बहुतेक तर सरळच असतात. मात्र चरा प्रकाश फेकतो तो आपल्या लांबीच्या काटकोनात. त्यामुळे हजारो चऱ्यांपैकी ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाला लगटून जाणारे तेवढेच डोळ्यापर्यंत प्रकाश पोहोचवतात, बाकीचे दिसतच नाहीत. पाहणारा दोन पावले सरकला की ठिपका सरकतो, त्याच्याबरोबर जाळेही सरकते आणि आधी लपलेले चरे उजळतात. एका जागी उभे राहून एकाच दिव्याखाली केलेली पाहणी म्हणूनच कधी पुरी पडत नाही.

पांढऱ्या गाडीवरही चरे तेवढेच असतात. पण पांढरा रंग आत शिरलेला बहुतेक प्रकाश सगळीकडे उधळून परत पाठवतो आणि त्या उजेडात चऱ्यांची चमक बुडून जाते. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळतो. परत येतो तो वरच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला सुमारे 4 टक्के. नजर तेवढ्यावरच असल्याने त्यातला जरासा बिघाडही खुपतो. खोलीच्या हिशेबाने हे चरे अगदी किरकोळ, साधारण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते, म्हणून एवढासा चराही प्रकाश विखुरायला पुरेसा होतो. पॉलिशचे काम म्हणजे उंचसखलपणा या तरंगलांबीच्या बऱ्याच खाली नेणे. पृष्ठभाग पूर्ण सपाट होत नाही. उरलेली खडबड प्रकाशाच्या पकडीत येत नाही, इतकेच.

हे सगळे घडते ते रंगाच्या सर्वांत वरच्या थरात. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात, त्यावर प्रायमर, त्यावर गाडीला रंग देणारा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. बेस कोट जेमतेम 15 मायक्रॉनच्या आसपास असतो, क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन. सगळे थर मिळून जाडी बहुधा 100 ते 140 मायक्रॉन भरते. चरे काढायला हाताशी असलेले भांडवल म्हणजे हा क्लिअर कोट, आणि तोही सगळा खर्चता येत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायने याच थरात असतात. तो फार पातळ झाला तर काही वर्षांत पांढुरका पडून पापुद्रे सुटू लागतात. त्यावर नवा रंग मारण्यावाचून इलाज नसतो.

क्लिअर कोट कडक की नरम हे त्याच्या रेणूंच्या बांधणीवर ठरते. रेझिनच्या लांब साखळ्या भट्टीत तापताना एकमेकींना आडव्या जोडल्या जातात. जोड जितके दाट, तितका थर कडक. कारखान्यातल्या भट्टीत रंग 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला जातो. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये तसे करता येत नाही, कारण गाडीत तोवर रबर, प्लॅस्टिक, वायरिंग सगळे बसलेले असते. तिथे दोन घटक मिसळून मारायचा क्लिअर कोट वापरतात आणि तो 60 अंशांच्या आसपास, कित्येकदा नुसत्या हवेवरच वाळतो. एकाच गाडीचा बोनेट कडक आणि अपघातानंतर रंगवलेला दरवाजा नरम, असे म्हणूनच नेहमी आढळते. अमुक देशाच्या गाड्यांचा रंग कडक, तमुक देशाच्या नरम, हे ठोकताळे सुरुवातीचा अंदाज बांधण्यापुरते ठीक आहेत. त्यांवर विसंबून काम सुरू करणे शहाणपणाचे नाही.

काही कंपन्यांनी कडकपणा मुद्दाम वाढवला. मर्सिडीज-बेंझने 2003च्या अखेरीस सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेला क्लिअर कोट वापरायला सुरुवात केली. भट्टीत वाळताना हे कण वरच्या बाजूला दाट जाळे धरतात. निसानने 2005मध्ये उलट वाट धरली: रंग लवचीक ठेवायचा, म्हणजे बारीक चरा काही काळाने आपोआप भरून येतो. दोन्हींमागचे तर्क बरोबर आहेत. लवचीक थरावर दाब पडला की तो दबतो, वाहतो आणि ऊब मिळाली की बराचसा पूर्ववत होतो. कडक थरावर चरा पडायला जास्त जोर लागतो, पण एकदा पडला की त्याच्या कडा तुटलेल्या आणि धारदार असतात. ऊन त्याला भरून आणत नाही. जो गुण रंगाला चऱ्यांपासून वाचवतो तोच नंतर पॉलिशलाही दाद देत नाही.

कडकपणा मोजायची रूढ पद्धत पेन्सिलीची आहे. 6बी ते 9एच अशा वाढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात रंगावर ढकलतात आणि कोणती पेन्सिल रंगाला इजा करत नाही ते पाहतात. सिरॅमिक कोटिंग विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर झळकणारा 9एच हा आकडा या पेन्सिलींचा आहे. खनिजांच्या मोह्स मापावर 9 हा कुरुंदाचा कडकपणा, आणि त्याच्याशी पाटीवरच्या 9चा काही संबंध नाही. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र तो संबंध जुळलेला असतो, आणि विक्रेते तो तोडण्याची घाई करत नाहीत.

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्स मापावर त्यांचा कडकपणा 7, म्हणजे कोणत्याही क्लिअर कोटपेक्षा कितीतरी जास्त. महाराष्ट्रातल्या शहरांत गाड्यांवर चरे पाडणारी सर्वांत नियमित गोष्ट म्हणजे सोसायटीत रोज सकाळी होणारी गाडी पुसाई. एक बादली, एक फडके आणि ओळीने उभ्या गाड्या. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी गढूळ झालेले असते आणि पिळलेल्या फडक्यात आधीच्या गाड्यांची माती बसलेली असते. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या पाण्यात दुसरे काही होण्यासारखे नसते. गंमत अशी की रंगाची चरे-रोधकता तपासायच्या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीतही हेच करतात. लिटरमागे दीड ग्रॅम क्वार्ट्झची बारीक पूड पाण्यात मिसळतात, ते पाणी शिंपडत रंगवलेल्या पट्टीवरून फिरता ब्रश दहा वेळा पुढेमागे नेतात आणि आधीची नि नंतरची चमक मोजतात.

पॉलिशने चरा भरत नाही. शेतातली चर माती टाकून बुजवता येते. इथे टाकायला माती नाही, म्हणून सगळे शेतच चरीच्या तळाइतके खाली न्यावे लागते. दोन मायक्रॉनचा चरा पूर्ण घालवायचा तर आजूबाजूचा क्लिअर कोट दोन मायक्रॉनने उतरवणे भाग आहे. चरा भरल्याचा आभास निर्माण करणारी पॉलिशे बाजारात भरपूर आहेत. गल्लोगल्ली ‘रबिंग’ म्हणून जे करून मिळते त्यात पुष्कळदा तेल, मेण आणि सिलिकोन चऱ्यांत बसवलेले असते. गाडी दुकानातून निघताना आरशासारखी असते आणि तीन-चार धुण्यांत जाळे पुन्हा वर येते.

घासून पदार्थ किती निघेल याचा साधा नियम एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी 1927मध्ये काचेच्या पॉलिशबाबत मांडला: झीज ही दाब आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. उरलेला गुणक पदार्थ, घासणारे कण आणि पॅड यांवर ठरतो. कडक रंग म्हणजे हा गुणक लहान. तो भरून काढायला हात पहिल्यांदा दाबाकडे जातो आणि बहुतेकांचे काम तिथेच फसते, कारण आजच्या बहुतेक यंत्रांत दाब वाढवला की वेग पडतो.

हे समजायला यंत्रांची चाल पाहावी लागते. जुने रोटरी बफिंग मशीन पॅडला एकाच आसाभोवती फिरवते. मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर 150 मिलिमीटर व्यासाच्या पॅडची कड सेकंदाला जवळजवळ 12 मीटर धावते. त्यामुळे ते झपाट्याने कापते, तेवढ्याच झपाट्याने तापवते आणि बेसावध हातात स्वतःच्या नागमोडी खुणा मागे ठेवते. ड्युअल अॅक्शन यंत्रात पॅड मध्यापासून बाजूला बसवलेल्या आसावर छोट्या वर्तुळात डोलते आणि त्या डोलण्याच्या ओघात स्वतःभोवतीही सावकाश फिरते. वर्तुळाचा व्यास 8 मिलिमीटर असेल तर मिनिटाला 4,000 डोलण्यांवर पॅडचा प्रत्येक बिंदू सेकंदाला सुमारे 1.7 मीटर जातो. व्यास 21 मिलिमीटर असेल तर तेवढ्याच डोलण्यांत 4.4 मीटर. इटलीच्या रुपेस कंपनीने 15 आणि 21 मिलिमीटरची यंत्रे बाजारात आणल्यावर कडक रंगासाठीही रोटरीची गरज बरीच कमी झाली, त्याचे कारण या गणितात आहे. मात्र पॅडचे स्वतःभोवती फिरणे ओघातले असते, गिअरने लादलेले नसते. जास्त दाबले, यंत्र तिरके धरले किंवा पॅड वळणदार पत्र्यावर आले की ते थांबते आणि पॅड एका जागी थरथरत राहते. म्हणून पॅडमागच्या प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवतात. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. स्थिर दिसली तर आवाज कितीही होवो, रंग फारसा निघत नाही. फिरणे गिअरने लादलेली यंत्रेही मिळतात. ती दाबाखाली थांबत नाहीत, पण हाताला ओढ जास्त देतात.

मग कडक रंगावर गुणक वाढवायचा तो पॅड आणि कंपाउंड (जोरात कापणारे पॉलिश) बदलून. बहुतेक कंपाउंडमधले कण अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कडकपणात ते क्लिअर कोटला सहज भारी पडतात, तेव्हा कण कमी पडला असे होत नाही. तो किती मोठा आहे आणि पॅड त्याला किती घट्ट धरून ठेवते हे महत्त्वाचे. काही कंपाउंडांतले कण गुच्छांनी बांधलेले असतात आणि घासताना फुटून बारीक होत जातात. ती पुरेसा वेळ चालवावी लागतात, अर्ध्यात थांबल्यास जाड खुणा राहतात. दुसऱ्या प्रकारात कण सुरुवातीपासून एकाच मापाचे आणि टिकाऊ असतात. तिथे चाल पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही. पॅडमध्ये फोम सर्वांत सौम्य. आखूड तंतूंचे मायक्रोफायबर पॅड कणांना हजारो टोकांवर धरते आणि कडक रंगावर फोमपेक्षा स्पष्टपणे जास्त कापते. लोकरी पॅडही जोरात कापते आणि त्यातून हवा खेळत असल्याने तुलनेने थंड राहते. कडक रंगासाठी ड्युअल अॅक्शन यंत्रावर मायक्रोफायबर पॅड आणि जोरकस कंपाउंड ही जोडी बहुतेक वेळा पुरते.

पॅडला हात लावण्याआधी गाडी नीट धुवावी लागते, आणि हे धुणे रोजचे नव्हे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. त्यांच्यासाठीचा द्रव फवारला की जागोजागी जांभळे ओघळ उतरतात. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावणाने काढतात. उरलेली खरखर क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने), पृष्ठभाग सतत ओला ठेवून, उचलून घेतात. यातले काही राहिले तर ते पॅडखाली येते आणि नवे चरे पाडते.

पुढे मोजणी. जाडी मोजणारा गेज पोलादी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वावर चालतो, अॅल्युमिनियमवर भोवरी प्रवाहाच्या. प्लॅस्टिकच्या बंपरवर असा गेज काहीच दाखवत नाही. तो एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट किती हे सांगत नाही. तरीही त्याचा उपयोग मोठा आहे. सगळीकडे 110-120 आणि एका दरवाजावर 250 असे आकडे आले तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. आकडा 500च्या पुढे गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असण्याची दाट शक्यता. एखाद्या भागावर 80 दिसले तर तिथे आधी कोणीतरी भरपूर घासलेले आहे आणि तो भाग सोडून द्यावा. एका जोरकस फेरीत साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात, म्हणजे स्वस्त गेजच्या चुकीइतकेच; तेव्हा काम करताना गेज राखण करील या भरवशावर राहू नये. बोनेटच्या उठावदार कडा, दरवाजांच्या धारा आणि पत्र्याची दुमड यांवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. तिथे मास्किंग टेप लावतात.

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे चाचणीचा चौकोन, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. बोनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखून घ्यावा. पहिला प्रयत्न सौम्य: मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश. नव्या पॅडच्या तोंडावर पॉलिश बोटांनी पातळ चोळून मुरवायचे, वर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आणि यंत्र कमी वेगावर ठेवून चौकोनभर पसरवायचे. मग वेग वाढवून हात आडवा, नंतर उभा न्यायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. हात सेकंदाला इंच-दीड इंचापेक्षा जास्त पळू नये. प्रेक्षकाला हे कंटाळवाणे वाटते. कडक रंगावर मात्र हाताचा संथपणा दाबापेक्षा जास्त चरे काढतो. दाब किती हे शब्दांत सांगणे कठीण, म्हणून शिकाऊ कारागिराला वजनकाट्यावर यंत्र टेकवून पाच-सहा किलोचा अंदाज घ्यायला लावतात. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर पुसून पाहावे. चरे तसेच असतील तर पॉलिश तेच ठेवून पॅड बदलावे. त्यानेही भागले नाही तर कंपाउंड बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलली की कशाने फरक पडला ते कळते. जी सर्वांत सौम्य जोडी काम भागवते ती सगळ्या गाडीसाठी पक्की, आणि पुन्हा रंगवलेल्या भागासाठी वेगळी चाचणी.

पुसल्यावर दिसते ते सगळे खरे नसते, कारण पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसते. पाण्यात पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून मऊ मायक्रोफायबरने टिपले की तेल निघते आणि रंग आपले खरे रूप दाखवतो. मग प्रखर एलईडी टॉर्च तिरपी धरून, जागा बदलत पाहावे. शक्य असेल तर गाडी एकदा उन्हात काढावी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात कोणतीही गाडी चांगलीच दिसते.

कडक रंगावर पॅड लवकर भरते. उतरलेला क्लिअर कोट आणि वाळलेले कंपाउंड मिळून तंतूंवर चिकट साय धरते. कण मग रंगावर न घासता त्या सायीत लोळतात, कापणे मंदावते आणि उष्णता वाढते. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने झाडावे आणि गाडीभर एकच पॅड न वापरता चार-सहा पॅड आलटून पालटून लावावेत. कडक रंगाला दोष देणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच खरे तर भरलेल्या पॅडच्या असतात. पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसला तर मात्र ताबडतोब थांबावे: एक तर गाडीला क्लिअर कोट नाही, जुन्या गाड्यांत असे असते, किंवा तो संपून बेस कोट लागला आहे.

काम सावलीतच करावे लागते. वैशाखातल्या उन्हात उभ्या गाडीचा गडद पत्रा हाताला चटका देतो. त्यावर पॉलिश पसरण्याआधीच वाळते आणि त्याची भुकटी चरे पाडते. पावसाळ्यात उलट अडचण: दमट हवेत पॉलिश ओले राहते, ओशट पुसले जाते आणि फेऱ्या वाढवण्याचा मोह होतो. पत्रा हाताला कोमट लागावा, गरम नव्हे. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, त्यामुळे तो पत्र्यापेक्षा फार लवकर तापतो आणि त्यावरचा रंग मऊ पडून ओढला जातो. तिथे वेग आणि फेऱ्या दोन्ही कमी.

जोरकस फेरीनंतर रंगावर कधी कधी हलके धुके राहते. ते काढायला मऊ फोम आणि बारीक पॉलिशची दुसरी फेरी देतात. तिच्यात जाडी मायक्रॉनभरही जात नाही. इथे कडक रंग आपल्या हट्टाची भरपाई करतो. नरम रंगावर चरे झटकन निघतात, पण पॅडच्या आणि पुसायच्या कापडाच्या खुणा उठतात, त्यामुळे शेवटची चमक आणताना दमछाक होते. कडक रंगावर तसे ठसे सहसा उठत नाहीत. काही कडक रंग तर चांगल्या कंपाउंडच्या एकाच फेरीत चरेही सोडतात आणि लखलखीतही होतात.

एवढे करूनही काही चरे उरतात. नखाला अडकणारा चरा क्लिअर कोटमध्ये बराच खोल किंवा आरपार गेलेला असतो आणि त्याच्या तळापर्यंत पोहोचायला गेले तर कोटच संपतो. त्याखालोखालच्या चऱ्यांसाठी 2000 किंवा 3000 नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून मग कंपाउंड करतात. फार कडक रंगावर हा मार्ग दहा-बारा फेऱ्यांपेक्षा लवकर संपतो, पण त्याची किंमत मायक्रॉनमध्ये मोजावी लागते आणि गेज नसताना तो घेऊ नये. जाणते कारागीर असे चरे कडा बोथट करून सोडून देतात. कडा गोल झाली की चरा असतो, पण चमकत नाही.

शेवटी मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग. कोटिंगचा थर मायक्रॉनच्या आसपासच असतो. पाणी आणि घाण तो सहज निसटू देतो, धुळीच्या फडक्यापुढे त्याचाही टिकाव लागत नाही. म्हणून धुण्याची रीत बदलावी लागते: आधी पाण्याच्या झोताने किंवा फेसाने सुटी माती वाहून घालवायची, मग दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळण्याची, वरून खाली काम, चाकांना वेगळे कापड, आणि वाळवायला जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता ठेवून उचलायचा. सोसायटीतल्या रोजच्या पुसाईतून ती गाडी वगळायला सांगावी; आठवड्याची धूळ तशीच राहिली तरी रंगाचे काही बिघडत नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच भिजवून उचलावी, ती उन्हात राहिली तर कडक क्लिअर कोटवरही डाग कोरते.